रोजच्या रस्त्याचा फोटो

कॅमेऱ्याने टिपलेले आणि आजवर टिकून राहिलेले जगातले सर्वांत जुने छायाचित्र एका घराच्या मागच्या आवाराचे आहे. फ्रान्समधल्या सँ-लू-द-व्हारेन या खेड्यात निसेफोर निएप्स नावाचा खटपट्या गृहस्थ राहत होता. १८२६-२७च्या सुमारास त्याने माडीवरच्या खिडकीत कॅमेरा मांडला. आत फिल्म वगैरे काही नव्हते. कथलाच्या मिश्रधातूचा एक पत्रा होता आणि त्यावर नैसर्गिक डांबराचा पातळ थर होता. ऊन लागले तिथले डांबर घट्ट झाले, सावलीतले लव्हेंडरच्या तेलात धुऊन गेले. कित्येक तासांनी पत्र्यावर जे उमटले, ते म्हणजे कबुतरखान्याचा मनोरा, कोठाराचे उतरते छप्पर आणि एक झाड. सूर्य एवढ्या वेळात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला, म्हणून समोरासमोरच्या भिंतींवर एकाच वेळी ऊन पडलेले दिसते. पुढे हा पत्रा हरवल्यात जमा होता. इतिहासकार हेल्मुट गर्नशाइम याने तो १९५२ मध्ये शोधून काढला. आज तो अमेरिकेत ऑस्टिन इथल्या टेक्सस विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

हा योगायोग म्हणावा, तर इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बटने १८३५ मध्ये घेतलेले आणि आजही उपलब्ध असलेले छायाचित्र त्याच्या घरातल्या जाळीदार खिडकीचे आहे. पॅरिसमध्ये दागेरने १८३८ मध्ये उंचावरच्या खिडकीतून खालचा रस्ता टिपला. रस्ता वाहता होता, पण चालती माणसे आणि घोडागाड्या पत्र्यावर उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय वर ठेवून उभा राहिलेला माणूस तेवढा उमटला. कॅमेऱ्यात सापडलेला बहुधा पहिला माणूस तोच.

या तिघांपैकी कुणालाही ‘रोजच्या जगण्याचे दस्तऐवजीकरण’ करायचे नव्हते. यंत्र जड, वेळ लागे फार, म्हणून हाताशी असेल त्याच्यावर प्रयोग झाला. यंत्र हलके झाले, वेळ कमी लागू लागला, तसा कॅमेरा घराबाहेर पडला आणि घराकडे त्याने पाठ फिरवली ती बराच काळ.

मुंबईला ही कला फार लवकर आली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून हौशी मंडळींच्या छायाचित्रांचा एक अल्बम मासिकासारखा काढला. छापखान्यात फोटो छापता येत नव्हते, तेव्हा प्रत्यक्ष प्रती अंकात चिकटवून वर्गणीदारांना पाठवल्या जात. आपण काढलेला फोटो चार ओळखी-अनोळखी माणसांनी बघावा, ही हौस इतकी जुनी आहे. या काळात टिपले काय गेले? लेणी, देवळे, प्रसिद्ध इमारती आणि निरनिराळ्या जातिजमातींचे ‘नमुने’. साहेबाला देश बघायचा होता आणि विलायतेत दाखवायचा होता. सर्वांना दाखवण्यासारखे काय, हे तेव्हाच ठरून गेले.

पुढे चित्रपोस्टकार्डे आली. मुंबईच्या माणसांची मिस्कील चित्रे चित्रकार धुरंधरांनी पोस्टकार्डांसाठी काढली, ती अजून संग्राहक जपून ठेवतात. कोडॅकने १८८८ मध्ये शंभर फोटोंचा रोल भरलेला कॅमेरा विकायला काढला आणि १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी. तिथून सामान्य माणूस फोटो काढू लागला असे इतिहासाची पुस्तके सांगतात. अमेरिकेपुरते ते खरे. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या घरात कॅमेरा यायला बराच काळ जावा लागला, आणि आला तरी त्यात रोल मोजून भरला जाई. छत्तीस फोटो, त्यांचे धुणे, छापणे, पाकिटातल्या निगेटिव्ह. एवढा खर्च कशावर करायचा? लग्न, मुंज, बारसे आणि महाबळेश्वरची सहल. कुठल्याही मराठी घरातला १९७०-८० सालचा अल्बम उघडा. आर्थर सीटच्या कठड्याला टेकलेले सगळे कुटुंब सापडेल. ते कुटुंब ज्या चाळीत वीस वर्षे राहिले त्या चाळीचा जिना, सामायिक नळ, गॅलरीतली वाळवणे सापडणार नाहीत. दिसलीच तर नवरीच्या मागे, अर्धवट, चुकून.

गिरणगावाचे हेच झाले. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्याआधी लाखो माणसांचे आयुष्य भोंग्यावर चालत होते. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी मोर्चे टिपले, सभा टिपल्या. पण खाणावळीतली पंगत, पाळीपाळीने झोपायची खोली, गिरणीच्या दारातला पानवाला हे आतून बघणाऱ्याने टिपलेले फार थोडे आहे. ज्यांचे ते जग होते त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांना त्यात बघण्यासारखे काही वाटले नाही.

मग खर्चच संपला. १९९७ च्या जून महिन्यात फिलिप कान या अमेरिकी तंत्रज्ञाने प्रसूतिगृहात बसून डिजिटल कॅमेरा, मोबाइल आणि लॅपटॉप एकमेकांना जोडले आणि नवजात मुलीचा फोटो दोन हजारांवर परिचितांना जागच्या जागी पाठवला. २००० मध्ये जपानमध्ये शार्पचा कॅमेरावाला फोन बाजारात आला. आज फोटोला पैसे पडत नाहीत, पाठवायलाही पडत नाहीत. तरी आपण टिपतो काय? हरिहरच्या पायऱ्या, कासची फुले, समुद्रावरचा सूर्यास्त. खर्च गेला, सवय राहिली.

रोम एका दिवसात

सूर्यास्तांची चेष्टा करणे सोपे आहे, म्हणून आधी त्यांची बाजू सांगतो. लाखो माणसांनी एकाच ठिकाणी उभे राहून काढलेल्या त्याच त्या फोटोंनाही किंमत आहे, मात्र ती एकेकट्या फोटोला नसते.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये एक पद्धत मांडली. फोटो वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी, वेगवेगळ्या कोनांतून काढलेले असले, तरी खिडकीचा तोच कोपरा, पुतळ्याचे तेच नाक अनेक फोटोंत असते. संगणक असे हजारो समान बिंदू शोधतो आणि त्यांवरून प्रत्येक फोटो काढणारा कुठे उभा होता हे गणिताने काढतो. उभे राहण्याच्या जागा कळल्या की इमारतीचा त्रिमितीय आकार मांडता येतो. समीर अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये फ्लिकर या संकेतस्थळावर रोमच्या नावाने असलेले सुमारे दीड लाख फोटो घेतले आणि एका दिवसाच्या आत कोलोसियम, त्रेवीचे कारंजे, सेंट पीटर्स यांचे आकार उभे केले. प्रवाशांनी आपापल्या हौसेने काढलेल्या फोटोंतून मोजमापे निघाली.

त्याच परंपरेत २०१५ मध्ये आणखी एक काम झाले. इंटरनेटवरच्या ८ कोटी ६० लाख फोटोंतून एकाच जागेवरून, पण निरनिराळ्या वर्षी काढलेले फोटो संगणकाने वेचले, तारखेने लावले, उजेडाचा फरक सपाट केला. दहा हजारांवर छोट्या चलच्चित्रफिती तयार झाल्या. नॉर्वेतल्या ब्रिक्सदाल हिमनदीपुढे उभे राहून लोकांनी आपल्या बायकामुलांचे फोटो काढले होते. ते ओळीने लावल्यावर मागची हिमनदी वर्षागणिक आक्रसत जाताना दिसली. फोटो काढणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात हिमनदी मोजणे नसणार.

तेव्हा कासच्या पठारावरचा तुमचा फोटो अगदीच वाया जात नाही. पण रोमच्या त्या प्रयोगात एक मोठे छिद्र आहे. जे रोम उभे राहिले ते सुट्या बेटांचे होते. कोलोसियम एक बेट, कारंजे दुसरे. मधल्या गल्ल्या, राहत्या इमारती, किराणा दुकाने कोऱ्या जागा म्हणून राहिल्या, कारण प्रवाशांनी तिथे कॅमेरा काढलाच नव्हता. आणि शहर मुख्यतः त्या कोऱ्या जागांतच राहत असते.

देखणी जागा आपली काळजी घेते. शंभरांपैकी नव्वद फोटो हरवले तरी दहा उरतात. पिठाच्या गिरणीचा एकच फोटो असतो, बहुतेक वेळा तोही नसतो. म्हणून तो कुणीतरी ठरवून काढावा लागतो.

नकाशातला रिकामा चौरस

ठरवून काढण्याचे हे काम इंग्रजांनी जेवढे मन लावून केले तेवढे क्वचितच कुणी केले असेल. बर्मिंगहॅमचा काचकारखानदार आणि खासदार सर बेंजामिन स्टोन याने १८९७ मध्ये नॅशनल फोटोग्राफिक रेकॉर्ड असोसिएशन काढली. कल्पना सरळ होती. देशभरातल्या हौशी छायाचित्रकारांनी आपापल्या भागातल्या जुन्या इमारती, चालीरीती, जत्रा, सण टिपायचे, टिकाऊ पद्धतीने छापायचे, प्रत्येकावर नाव-माहिती लिहायची आणि ब्रिटिश म्युझियमकडे सोपवायचे. संस्था १९१० मध्ये बंद पडली, पण जिल्ह्याजिल्ह्यांत अशी सर्वेक्षणे चालू राहिली. १९१६ मध्ये या कामासाठी ‘द कॅमेरा ॲज हिस्टॉरियन’ नावाचे मार्गदर्शक पुस्तकही निघाले. त्याच्या लेखकांपैकी एक, स्टॅन्ली जॅस्ट, व्यवसायाने ग्रंथपाल होता. पुठ्ठा कसला वापरायचा, माहितीची चिठ्ठी कशी भरायची, फोटो कुठल्या वर्गात ठेवायचा याचा तो काटेकोरपणा ग्रंथपालालाच सुचावा. स्टोनच्या मंडळींत एक दोष मात्र होता. त्यांना ‘जुने’ हवे होते. लाकडी चौकटींची घरे आणि चर्चचे दरवाजे त्यांनी भक्तिभावाने टिपले. नव्याने आलेली ट्राम आणि कामगारांच्या वस्त्या त्यांच्या लेखी इतिहासात बसत नव्हत्या.

हा दोष २००५ मध्ये सुरू झालेल्या जिओग्राफ या प्रकल्पाने काढून टाकला, आणि त्यासाठी त्याने जी युक्ती केली ती मला फार आवडते. ब्रिटनच्या सरकारी नकाशावर एक-एक किलोमीटरचे चौरस आखलेले असतात. जिओग्राफने नियम केला की प्रत्येक चौरसाचा निदान एक फोटो हवा. काय सुंदर आहे आणि काय नाही हा प्रश्नच निकालात निघाला. ज्या चौरसात किल्ला आहे त्याला जेवढा मान, तेवढाच बीटच्या शेताला. एखाद्या चौरसाचा पहिला फोटो देणाऱ्याला एक गुण मिळतो. बक्षीस नाही, पैसे नाहीत, नुसता गुण. त्या गुणासाठी निवृत्त शिक्षक, पोस्टमन, सायकलवाले चिखल तुडवत निघाले. ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड मिळून असे सुमारे ३ लाख ३० हजार चौरस आहेत. त्यांतल्या पाचांपैकी चारांहून अधिक चौरसांचे फोटो आले आणि एकूण फोटो सत्तर लाखांच्या पुढे गेले.

यॉर्कशरमधल्या ऊसफ्लीट गावाजवळ असा एक चौरस आहे, की सरकारी नकाशावर तो जवळजवळ कोरा दिसतो. विजेच्या तारांचा एक तुकडा सोडला तर दाखवण्यासारखे काही नाही. नकाशावाल्यांनीच तो सर्वांत रिकामा चौरस म्हणून ओळखला. जिओग्राफवाले अर्थातच तिथेही जाऊन आले. शेत, चर, विजेचा खांब, आभाळ. फोटो म्हणून त्यात काही नाही. पण या दशकात तिथे कुठले पीक होते आणि बांध कसा होता, हे पन्नास वर्षांनी ज्याला हवे असेल त्याला सांगता येईल.

आता एक हिशेब. ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडचे मिळून क्षेत्रफळ ३ लाख १४ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास भरते. महाराष्ट्राचे आहे ३ लाख ७ हजार ७१३. म्हणजे काम जवळपास तेवढेच. इथे गावे चाळीस हजारांहून अधिक, आणि फोन तर घरोघरी. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तिथली गावांची पाने उघडून पाहा. तालुका, जिल्हा, हवामानाचे एक ठराविक वाक्य, आणि फोटोच्या जागी बहुधा काहीच नाही. त्याच गावच्या तरुणाच्या फोनमध्ये मात्र सिंहगडाचे डझनावारी फोटो असतात. सिंहगडाला त्याची गरज नाही, त्याच्या गावाला आहे.

काय टिपायचे असा प्रश्न पडत असेल, तर जे बदलायच्या बेतात आहे ते आधी. माळवदाची घरे, आटत चाललेली आड-विहीर, एसटीचा थांबा, सोसायटीचे गोदाम, दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या, आठवडी बाजारात कोण कुठे बसते ते. यात एक अडचण आहे. काय बदलणार आहे हे आपल्याला आधी कळत नाही. पूर्वी एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या नाक्यानाक्यावर होत्या आणि त्यांच्या शेजारून जाताना कुणाला त्यांचा फोटो काढावासा वाटला नाही. म्हणून निवड फार करू नये. चौकात उभे राहून चारी दिशांना चार फोटो काढावेत. त्यातला कुठला उपयोगी, हे पुढचा ठरवील.

नाव, गाव, तारीख

फोटो काढणे हे निम्मेच काम. मी जुन्या बाजारात आणि ओळखीच्यांच्या माळ्यांवर असे असंख्य फोटो पाहिले आहेत, की ज्यांत एक सुंदर वाडा आहे, दारात फेटा बांधलेली माणसे आहेत आणि मागच्या बाजूला काहीही लिहिलेले नाही. कुठला वाडा, कुठले साल? ज्याला माहीत होते तो गेला. असा फोटो शोभेचा उरतो, पुराव्याचा राहत नाही.

डिजिटल फोटोत ही सोय मुळातच आहे. १९९५ मध्ये जपानी उद्योगांनी एक्झिफ नावाचे मानक ठरवले. त्यानुसार फोटोच्या फाइलमध्येच तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे नाव आणि जीपीएस चालू असेल तर अक्षांश-रेखांश लिहिले जातात. समोरून दिसत नाहीत, पण ‘तपशील’ उघडला की सापडतात. मात्र व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो आकाराने लहान केला जातो आणि ही माहिती गळून पडते. मामाच्या फोनमधून आत्याच्या फोनमध्ये आणि तिथून फॅमिली ग्रुपवर गेलेला फोटो म्हणूनच निनावी होतो. मूळ फोटो हवा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. ही एवढी गोष्ट सगळ्या घराने शिकून घेतली तरी पुष्कळ.

यंत्राला तारीख कळते, अर्थ कळत नाही. ‘झाडाखाली म्हातारी’ हा मथळा निकामी आहे. ‘जुन्या चावडीसमोरचा पिंपळ, पारावर गुरुवारी भाजी विकायला बसणाऱ्या बाई, मागे ग्रामपंचायतीचे नवे कार्यालय बांधकाम चालू’ हा मथळा कामाचा. त्यात जागा आहे, वार आहे आणि मागे काय घडते आहे तेही आहे. काव्य करायची गरज नाही.

ठेवायचे कुठे, हा प्रश्न जास्त त्रासाचा. १९८६ मध्ये बीबीसीने एक प्रचंड उपक्रम केला. सन १०८६ च्या डूम्सडे बुक या जमीन-नोंदीला नऊशे वर्षे झाली म्हणून शाळाशाळांतल्या मुलांनी आपापल्या भागाची माहिती आणि फोटो गोळा केले. दहा लाखांवर माणसे त्यात सामील झाली. मुलांनी लिहिले होते त्यांच्या दुकानांविषयी, जेवणाविषयी, बसच्या वेळांविषयी, म्हणजे नेमके तेच जे एरवी कुणी लिहीत नाही. हे सारे त्या काळच्या अत्याधुनिक लेझर डिस्कवर भरले गेले. वाचायला लागणारे यंत्र इतके महाग होते की ज्या शाळांनी माहिती दिली त्यांतल्या बहुतेकींना ते घेता आले नाही. पंधरा-सोळा वर्षांत ती यंत्रेच दुर्मीळ झाली आणि डिस्क वाचायची कशी हा संशोधनाचा विषय होऊन बसला. चामड्यावर लिहिलेले मूळ डूम्सडे बुक आजही उघडून वाचता येते. पुढे माहिती सोडवून २०११ मध्ये ती इंटरनेटवर ठेवली गेली. ते संकेतस्थळही २०१८ मध्ये बंद झाले. आता त्याची प्रत ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहे.

खासगी कंपन्यांची कथा वेगळी नाही. जागांचे फोटो नकाशावर लावण्यासाठी पॅनोरामिओ नावाचे लोकप्रिय संकेतस्थळ होते. गूगलने ते २००७ मध्ये विकत घेतले आणि २०१६ मध्ये बंद केले. फ्लिकरने २०१८ मध्ये फुकट खात्यांना एक हजार फोटोंची मर्यादा घातली. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून संपली. यात कुणाची फसवणूक नाही. दुकान त्यांचे, माल आपला. आपला माल दुसऱ्याच्या दुकानात कायमचा ठेवता येत नाही, एवढेच.

म्हणून एक प्रत घरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे, आणि जे फोटो जगासाठी आहेत ते विकिमीडिया कॉमन्ससारख्या सार्वजनिक भांडारात. कॉमन्स २००४ पासून चालू आहे आणि नफ्यासाठी नाही. तिथे फोटो देताना तुम्ही मुक्त परवाना देता. कुणीही तो वापरावा, छापावा, विकावाही, फक्त तुमचे नाव द्यावे. हा परवाना मागे घेता येत नाही, तेव्हा विचार करून द्यावा. एरवी भारतातल्या कायद्याप्रमाणे फोटोचा हक्क सहसा तो काढणाऱ्याकडे असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. आपण ग्रुपवर सकाळी-सकाळी ‘शुभ सकाळ’ लिहून जे धबधबे पुढे ढकलतो ते कुणाच्या तरी मालकीचे असतात. कोपऱ्यातले नाव कापून ते ढकलणे ही चोरीच. रस्त्यावरून दिसणारी इमारत किंवा चौकातला पुतळा यांचा फोटो काढायला मात्र आपल्या कायद्यात आडकाठी नाही.

कुठे गप्प बसायचे

सगळेच सांगू नये. महाराष्ट्रातल्या मोजक्याच कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची मांसल पानांची वनस्पती उगवते. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर याचे नाव तिला दिले आहे. इतक्या दुर्मीळ वनस्पतीचा फोटो नेमक्या जागेसह टाकला, की ती कुंडीत हवी असणाऱ्यांना पत्ताच दिल्यासारखे होते. जीवांच्या नोंदींसाठी असलेल्या आयनॅचरलिस्टवर संकटग्रस्त जातींची जागा म्हणूनच आपोआप धूसर केली जाते. आपण ग्रुपवर टाकताना ही काळजी आपणच घ्यायची. तालुका सांगावा, कडा सांगू नये.

गर्दीचेही तसेच. जपानमधल्या फुजिकावागुचिको गावात एका साध्या किराणा दुकानाच्या मागे फुजी पर्वत उभा दिसतो. तो फोटो एवढा पसरला, की रस्ता ओलांडणाऱ्या, कचरा टाकणाऱ्या पाहुण्यांना कंटाळून नगरपालिकेने २०२४ च्या मे महिन्यात वीस मीटर लांब आणि अडीच मीटर उंच काळा पडदा उभारला. ऑगस्टमध्ये तो उतरवला. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले. तिथे फुलांच्या दिवसांत आता आगाऊ नोंदणी करूनच जावे लागते. फुलांत बसून काढलेल्या प्रत्येक फोटोखाली चिरडलेली फुले असतात, ती फोटोत दिसत नाहीत.

स्वतःबद्दलही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये अँटीव्हायरस सॉफ्टवेअरमुळे गाजलेला जॉन मॅकॅफी बेलीझ देशाच्या पोलिसांपासून लपत फिरत होता. सोबतच्या पत्रकारांनी त्याचा एक फोटो प्रसिद्ध केला. फाइलमधले जीपीएस काढायला ते विसरले आणि तो ग्वातेमालात आहे हे जगाला कळले. आपण कुणापासून लपत नसलो तरी घरातल्या लहान मुलांचे फोटो अक्षांश-रेखांशासह कुठेही टाकण्याचे कारण नाही.

माणसांचे फोटो हा या सगळ्यातला नाजूक भाग. नळावर पाणी भरणारी बाई ही ‘गावाकडचे जीवन’ नसते, ती कुणाची तरी वहिनी असते आणि तिला तिचे मत असते. आधी विचारावे. नको म्हणाली तर नळाचा काढावा. हो म्हणाली तर नंतर तिला एक छापील प्रत नेऊन द्यावी. आपल्याकडे ही शेवटची गोष्ट जवळजवळ कुणीच करत नाही, आणि पुढच्या वेळी गावात कॅमेरा दिसताच लोक पाठ फिरवतात ते त्यामुळेच.

नवे फोटो उद्याही काढता येतील. जुन्यांना मात्र थांबायला वेळ नाही. घरातला पत्र्याच्या पेटीतला अल्बम काढा, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशेजारी बसा आणि एकेका फोटोवर बोट ठेवून विचारा, हे कुठले, मागे दिसते ती विहीर कुणाची, साल कुठले. सांगितलेले फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनने लिहू नका, त्याचा दाब आणि शाई पुढच्या बाजूला उमटते.